पेरोव्हस्काइट सेलची एक बॅच: कृतीत न लिहिलेले तपशील

पेरोव्हस्काइट (विशिष्ट स्फटिकरचनेचा, प्रकाश शोषणारा पदार्थ) सोलर सेलवर काम सुरू करणाऱ्याच्या हाती आधी एक शोधनिबंध पडतो. एकवीस टक्के कार्यक्षमतेच्या सेलची कृती त्यात जेमतेम अर्ध्या पानात दिलेली असते. कृती बरोबर असते. तरी तिच्याबरहुकूम केलेले पहिले सेल सहसा त्या आकड्याच्या आसपासही जात नाहीत, आणि पीएचडीची पहिली दीड-दोन वर्षं त्या अर्ध्या पानात काय लिहायचं राहून गेलंय ते शोधण्यात जातात. निदान ती वर्षं थोडी कमी व्हावीत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कृती निवडली आहे ती २०१६ साली स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल संस्थेतून आलेली: सिझियम, फॉर्मअमिडिनियम आणि मिथाइलअमोनियम या तीन कॅटायनांचं (धन आयनांचं) मिश्रण. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने पेरोव्हस्काइटचा पहिला सेल प्रसिद्ध केला तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती आणि आत द्रव इलेक्ट्रोलाइट होता. तो इलेक्ट्रोलाइट पेरोव्हस्काइटलाच विरघळवून टाकायचा. २०१२ मध्ये द्रवाच्या जागी घन थर आला आणि क्षेत्र खुलं झालं. नुसतं मिथाइलअमोनियम वापरलं तर पदार्थ उष्णतेत टिकत नाही, मिथाइलअमाइन उडून जातं. नुसतं फॉर्मअमिडिनियम वापरलं तर खोलीच्या तापमानाला काळी फिल्म हळूहळू पिवळ्या, निरुपयोगी रूपात जाते. पाच टक्के सिझियमने काळं रूप टिकतं, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे हाताळणीतली थोडी उणीव हे मिश्रण सांभाळून घेतं. म्हणून सुरुवात याच मिश्रणाने करावी, असं माझं ठाम मत आहे.

काचेपासून सुरू करू. एफटीओचा (फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा, पारदर्शक आणि वाहक) लेप असलेली २५ मिलिमीटर चौरस काच घेतो. लेपाची बाजू कोणती ते मल्टीमीटरने पाहायचं आणि हिऱ्याच्या कटरने रेघ मारायची ती उलट्या बाजूला, म्हणजे काचेचा चुरा लेपावर घासला जात नाही. एका कडेचा लेप काढायचा असतो. उरलेला भाग टेपने झाकून उघड्या पट्टीवर जस्ताची भुकटी पसरतो आणि २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडतो. फेस येतो, मिनिटभरात लेप सुटतो, इअरबडने पुसून घ्यायचा. टेपची कड नीट दाबलेली नसेल तर आम्ल तिच्याखाली शिरतं आणि लेपाची कड दातेरी राहते. ही दातेरी कड पुढे पातळ थरांना भोकसून शॉर्ट करते, आणि दोष मात्र पेरोव्हस्काइटला दिला जातो. कोरलेल्या भागावर मल्टीमीटरने अनंत रोध दाखवलाच पाहिजे.

धुणं: अल्ट्रासॉनिक बाथमध्ये हेलमानेक्स या डिटर्जंटचं २ टक्के पाणी, मग डीआयोनाइज्ड पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकी १५ मिनिटं. ॲसिटोनमधून काढलेली काच हवेत सुकू द्यायची नाही, डाग राहतात. ओलीच पुढच्या बीकरमध्ये जायला हवी. शेवटी नायट्रोजनने फुंकून यूव्ही-ओझोनमध्ये १५ मिनिटं. त्यानंतर पाण्याचा थेंब काचेवर सपाट पसरला पाहिजे. गोल बसला तर पुन्हा धुवा.

पहिला थर टिन ऑक्साइडचा, इलेक्ट्रॉन वाहून नेणारा. बाजारात १५ टक्क्यांचं कोलॉइड मिळतं. ते पाण्याने साधारण २.६७ टक्क्यांपर्यंत पातळ करून गाळून घ्यायचं, स्पिन कोटरवर (काच वेगाने फिरवून द्रावणाचा थर पसरवणारं यंत्र) ३००० आरपीएमला ३० सेकंद फिरवायचं आणि १५० अंशांवर ३० मिनिटं तापवायचं. याऐवजी टायटॅनियम डायऑक्साइड वापरायचा असेल तर तो ४५० अंशांवरच्या काचेवर फवारावा लागतो. ही फवारणी (स्प्रे पायरोलिसिस) आणि केमिकल बाथ डिपॉझिशन (द्रावणात काच बुडवून थर चढवणं), या दोन्ही पद्धतींवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कित्येक दशकं काम झालं आहे. तिथे तयार झालेले अनेक संशोधक दक्षिण कोरियातल्या प्रयोगशाळांमध्ये गेले. २०२१ मध्ये २५.२ टक्क्यांचा जो सेल गाजला त्यातला टिन ऑक्साइडसुद्धा केमिकल बाथनेच चढवलेला होता. साध्या बीकरमधली पद्धत म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

आता मुख्य द्रावण. १ मिलिलिटरसाठी लेड आयोडाइड ५०७ मिलिग्रॅम, फॉर्मअमिडिनियम आयोडाइड १७२, लेड ब्रोमाइड ७३.४ आणि मिथाइलअमोनियम ब्रोमाइड २२.४ मिलिग्रॅम. द्रावक म्हणून डीएमएफ आणि डीएमएसओ ४:१ प्रमाणात. सिझियम आयोडाइड यात थेट नीट विरघळत नाही, म्हणून त्याचं डीएमएसओमधलं १.५ मोलर द्रावण वेगळं करायचं (३९० मिलिग्रॅम १ मिलिलिटरला) आणि वरच्या द्रावणात त्यातलं ४२ मायक्रोलिटर घालायचं. हा ४२ चा आकडा असा येतो: इतर दोन कॅटायन मिळून १.२ मिलिमोल आहेत, ते पंच्याण्णव टक्के धरले तर पाच टक्के सिझियम ०.०६३ मिलिमोल होतं. मिश्रणाचं प्रमाण बदलायची वेळ आली की हा हिशेब स्वतः मांडता आला पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच्या निबंधातलं ४२ वेगळ्या मिश्रणात तसंच उतरतं.

मोलच्या हिशेबात लेड आयोडाइड फॉर्मअमिडिनियम आयोडाइडपेक्षा दहा टक्के जास्त आहे ते मुद्दाम. उरलेलं लेड आयोडाइड कणांच्या सीमांवर बसून तिथले दोष झाकतं आणि व्होल्टेज वाढवतं. मात्र दीर्घकाळ उजेडात तेच आधी विघटन पावतं. म्हणजे विक्रमी कार्यक्षमता हवी असेल तर दहा टक्के, टिकाऊपणाची चाचणी करायची असेल तर कमी. दोन्ही एकाच सेलमध्ये मिळत नाही.

वजनं ग्लोव्हबॉक्समध्ये (नायट्रोजन भरलेली, बसवलेल्या हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी) करताना तराजू स्थिर राहत नाही. हातमोज्यांच्या हालचालीने आतला दाब बदलतो आणि कोरड्या नायट्रोजनमध्ये भुकटीला स्थिर विद्युत चढते. ५०७ च्या मागे लागून भुकटी घालत-काढत बसू नका. लेड आयोडाइड ५१२ आलं तर ५१२ लिहा आणि बाकीची वजनं व द्रावक त्या प्रमाणात वाढवा. लेडची दोन्ही क्षारं आधी साधारण ७० अंशांवर ढवळून विरघळवायची, थंड झाली की सेंद्रिय क्षारांवर ओतायची. द्रावण स्वच्छ पिवळं दिसलं पाहिजे. पीटीएफई फिल्टरने गाळून त्याच दिवशी वापरायचं. शिळ्या द्रावणात मिथाइलअमोनियम आणि फॉर्मअमिडिनियम एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि प्रमाण नकळत ढळतं. लेड आयोडाइडची बाटली बदलली की ती तारखेसह वहीत नोंदवा. एकाच शुद्धतेच्या दोन लॉटमधून वेगवेगळे सेल येतात, हे या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण जाणतो.

सगळं ठरतं ते पुढच्या तीस सेकंदांत. काचेवर साधारण ८० मायक्रोलिटर द्रावण पसरवून १००० आरपीएमला १० सेकंद, मग ६००० ला २० सेकंद. संपायला ५ सेकंद उरले असताना फिरत्या काचेच्या मध्यावर क्लोरोबेंझिन सोडायचं, १०० मायक्रोलिटरपासून सुरुवात करावी. क्लोरोबेंझिनमध्ये पेरोव्हस्काइट विरघळत नाही, पण डीएमएफ त्यात मिसळून जातं. फिल्ममधला द्रावक एकदम ओढला गेला की द्रावण अतिसंपृक्त होतं आणि असंख्य बीजकण एकाच वेळी तयार होतात. डीएमएसओ लेड आयोडाइडला धरून ठेवतं, त्यामुळे पुढची स्फटिकवाढ आवरून होते. क्लोरोबेंझिन सोडण्याची वेळ म्हणजे पाकाची तार पाहण्यासारखी आहे: घड्याळ अंदाज देतं, निर्णय डोळ्याने घ्यायचा. द्रावणाच्या थरावरचे रंगीत पट्टे धावायचे थांबले की सोडण्याची खिडकी उघडली.

लवकर सोडलं तर द्रावक अजून भरपूर असतो, बीजकण पुन्हा विरघळतात आणि फिल्म असमान, सच्छिद्र होते. उशीर झाला तर क्लोरोबेंझिन पडायच्या आधीच स्फटिक आपापले वाढू लागलेले असतात. फिल्म राखाडी, धुरकट दिसते. मध्यावर पांढरट वर्तुळ दिसलं तर पिपेट फार जवळ होती किंवा धार फार जोरात होती. धूमकेतूसारखी रेघ म्हणजे धुळीचा कण, फिल्टर किंवा काच तपासा. धार एकसंध, एका दमात यायला हवी. तुटक थेंब चालत नाहीत. क्लोरोबेंझिनऐवजी टोल्युइनसारखं अँटिसॉल्व्हंट (फिल्ममधला द्रावक ओढून घेणारा द्रव) हळू सोडलं तर चांगली फिल्म देतं, अल्कोहोल झटकन सोडलं तर. क्लोरोबेंझिन या बाबतीत कमी हट्टी आहे, नवख्या हाताला तेच बरं.

फिल्म कोटरवरून निघताना फिकट तांबूस-तपकिरी आणि पारदर्शक असते, १०० अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवताच काही सेकंदांत गडद होते. तासभर तिथेच राहू द्यायची. शेवटी तिच्यात ग्लोव्हबॉक्सच्या दिव्याचं स्पष्ट प्रतिबिंब दिसलं पाहिजे. हॉटप्लेटच्या पडद्यावरचा आकडा आणि काचेवरचं तापमान यांत फरक असतो. कडेला तर आणखी. काचेला चिकटवलेल्या थर्मोकपलने एकदा नकाशा काढून ठेवावा. इन्फ्रारेड बंदूक चकचकीत धातूवर खोटं वाचते.

ग्लोव्हबॉक्समध्ये पाणी आणि ऑक्सिजन १ पीपीएमखाली आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. स्पिन कोटरच्या भांड्यात डीएमएफची वाफ साठत जाते, त्यामुळे पहिल्या काचेची सुकण्याची वेळ आणि दहाव्या काचेची वेळ वेगळी पडते. म्हणून आधी एक-दोन टाकाऊ काचा चालवायच्या, मध्ये मध्ये नायट्रोजनने बॉक्स झाडून घ्यायचा आणि कोटिंग करताना हवा फिरवणारा पंखा बंद ठेवायचा, नाहीतर तीच वाफ शुद्धीकरणाच्या उत्प्रेरकावर जाऊन तो निकामी करते. पावसाळ्यात कोकणपट्टीत किंवा मुंबईत बाहेरची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. ग्लोव्हबॉक्सच्या बाहेर होणारं प्रत्येक काम, म्हणजे ने-आण, मोजणी, साठवण, त्या दिवसांत वेगळ्या नियमाने करावं लागतं: काचा बंद डब्यात सिलिका जेलबरोबर, आणि जेलचा रंग रोज पाहायचा.

सुरक्षिततेचं इथेच सांगतो. लेडची क्षारं डीएमएफमध्ये विरघळलेली असतात, आणि पातळ नायट्राइल हातमोज्यातून डीएमएफ मिनिटभरात आरपार जातं. डीएमएसओ तर त्वचेतून आत शिरायला प्रसिद्धच आहे. हातमोज्यावर थेंब पडला की ‘हे झालं की बदलतो’ असं म्हणायचं नाही, लगेच बदलायचा. बॉक्सच्या जाड ब्युटाइल मोज्यांच्या आत आणि बाहेरही नायट्राइल घालावं. टिपा, पुसलेले कागद, फुटक्या काचा यांचा लेडचा कचरा वेगळ्या झाकणबंद डब्यात, बेसिनमध्ये काहीही नाही. पूर्ण पॅनेलचा विचार केला तर अर्ध्या मायक्रॉनच्या फिल्ममध्ये चौरस मीटरला लेड एक ग्रॅमपेक्षा कमीच भरतं. प्रयोगशाळेतल्या बाटलीत ते कितीतरी जास्त असतं.

वरचा थर स्पायरो-ओएमईटॅडचा, म्हणजे धन भार वाहून नेणाऱ्या सेंद्रिय पदार्थाचा: १ मिलिलिटर क्लोरोबेंझिनमध्ये ७२.३ मिलिग्रॅम, त्यात २८.८ मायक्रोलिटर टर्ट-ब्युटाइलपिरिडिन आणि ॲसिटोनायट्राइलमधल्या लिथियम क्षाराचं (५२० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) १७.५ मायक्रोलिटर. ४००० आरपीएम, ३० सेकंद. लिथियम क्षार हवेतलं पाणी ओढतो, आणि ॲसिटोनायट्राइल बाटलीतून उडत राहिल्याने जुन्या साठ्याची तीव्रता वाढलेली असते. दोन्ही ताजी करणं स्वस्त पडतं. स्पायरो ऑक्सिडाइझ झाल्याशिवाय नीट वाहक होत नाही, त्यामुळे सेल रात्रभर कोरड्या हवेत ठेवावे लागतात. नायट्रोजनमध्येच ठेवले तर दुसऱ्या दिवशी करंट-व्होल्टेजच्या वक्राला इंग्रजी एससारखा बाक दिसतो आणि फिल फॅक्टर (वक्र चौकोनाच्या किती जवळ आहे त्याचं माप) कोसळलेला असतो.

सोन्याआधी एका कडेची फिल्म डीएमएफने ओलावलेल्या बडने पुसून एफटीओ उघडा करायचा. मग बाष्पीभवन कक्षात ८० नॅनोमीटर सोनं, निर्वात १०⁻⁶ मिलिबारच्या घरात. पहिले पाच-दहा नॅनोमीटर सेकंदाला ०.१ अँगस्ट्रॉमने, मग १ अँगस्ट्रॉमपर्यंत. घाईने चढवलेलं सोनं स्पायरोत रुततं आणि सोनं तापवणाऱ्या धातूच्या बोटीची उष्णता खालच्या थरांना लागते.

मोजणीत स्वतःची फसवणूक सगळ्यात सहज होते. सोलर सिम्युलेटर एएम १.५ जी (सूर्यप्रकाशाचा प्रमाणित वर्णपट), चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट, तेही केजी-५ फिल्टर लावलेल्या संदर्भ सेलने त्याच दिवशी जुळवलेलं. सेलवर धातूचा मास्क हवाच. मास्कशिवाय कडेचा प्रकाश आत येतो आणि करंट फुगतो. वक्र १.२ व्होल्टपासून खाली आणि खालून वर, दोन्ही दिशांनी घ्यायचा. आयोडाइडची आयनं आत सरकत असल्यामुळे दोन्ही वक्र वेगळे येतात, आणि खाली येणारा सहसा जास्त देखणा असतो. तो एकटाच दाखवणाऱ्या निबंधावर विश्वास ठेवू नये. कमाल शक्तीच्या बिंदूवर सेल काही मिनिटं धरून ठेवल्यावर जो आकडा स्थिर राहतो, ती त्याची कार्यक्षमता. शेवटी क्वांटम कार्यक्षमतेच्या (दर प्रकाशकणामागे किती इलेक्ट्रॉन मिळतात) मोजणीतून काढलेला करंट सिम्युलेटरच्या करंटशी ताडून पाहायचा. पाच टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर आधी दिवा आणि मास्क तपासा.

या मिश्रणाचा बरा सेल १.१३ व्होल्ट, २२.५ मिलिअँपिअर आणि ०.७८ फिल फॅक्टर देतो, म्हणजे जवळजवळ २० टक्के. कमी पडलं तर कुठे कमी पडलं ते वक्रच सांगतो. व्होल्टेजच्या टोकाशी वक्र आडवा झुकला असेल तर सीरिज रोध: स्पायरो कच्चा, सोनं पातळ, किंवा कडेचा संपर्क पुसलेला नाही. करंटच्या टोकाशी उतार असेल तर शंट, म्हणजे आतल्या आत करंट गळणं: छिद्रं, दातेरी एफटीओ, काचेवरची धूळ. फिल फॅक्टर ठीक पण व्होल्टेज पडलेलं, तर दोष पेरोव्हस्काइटच्या आत किंवा टिन ऑक्साइडच्या सीमेवर. करंटच कमी, तर फिल्म पातळ, किंवा द्रावण पूर्ण विरघळलेलं नव्हतं. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये (स्फटिकरचना ओळखण्याची चाचणी) १४.१ अंशांजवळ पेरोव्हस्काइटचं शिखर, १२.७ ला लेड आयोडाइड, आणि ११.८ च्या आसपास काही दिसलं तर पिवळं रूप शिरलं आहे. १२.७ चं छोटं शिखर अपेक्षितच आहे, वर मुद्दाम जास्त घातलं होतं. ते दिवसागणिक वाढत असेल तर ओलावा आत जातो आहे.

एखादं नवं रसायन घालून ‘कार्यक्षमता वाढली’ असं म्हणायचं असेल तर एका उत्तम सेलचा आकडा पुरावा ठरत नाही. प्रत्येक बॅचमध्ये जुन्या कृतीचे सेल सोबत हवेत, प्रत्येक अवस्थेचे किमान दहा-बारा, आणि काचांचा क्रम मिसळलेला. सगळे जुने सकाळी आणि सगळे नवे दुपारी केले तर डीएमएफच्या वाफेचा परिणाम रसायनाच्या नावावर जमा होतो. तुलना त्याच बॅचच्या आत करायची. निकाल बॉक्स प्लॉटमध्ये, बिघडलेल्या सेलसकट. नेचर समूहाची नियतकालिकं सोलर सेलच्या निबंधाबरोबर मोजणीची चेकलिस्ट भरून मागतात. ती लिहिताना नव्हे, पहिल्या बॅचच्या आधी वाचावी. पुढे पोस्टडॉकसाठी मुलाखत होते तेव्हा जाणते लोक विक्रमी आकड्याआधी विचारतात ते हेच: दोन बॅचमधला फरक किती, आणि तो कशामुळे?

टिकाऊपणासाठी २०२० मध्ये आयएसओएस चाचण्यांवर जगभरातल्या गटांचं एकमत प्रसिद्ध झालं. अंधारात साठवण, सतत उजेड, उष्णता, असे त्यांचे प्रकार आहेत, आणि कार्यक्षमता सुरुवातीच्या ८० टक्क्यांवर यायला लागलेला वेळ ‘टी-८०’ म्हणून देतात. पॅनेलच्या मानकात ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढावे लागतात. वरची कृती तिथे टिकत नाही, आणि कमकुवत दुवा स्पायरो आहे: लिथियम पाणी ओढतं, पिरिडिन उडून जातं, ८५ अंशांना थर सैल होतो. म्हणून बरेच गट थरांचा क्रम उलटवून खाली एकरेणवीय (एका रेणूइतका जाड) थर वापरतात, ज्यात लिथियम लागत नाही. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवलेल्या टँडम सेलमध्येही आता हाच उलटा क्रम रुळला आहे. लोंगी कंपनीने २०२४ मध्ये अशा सेलची ३४.६ टक्के कार्यक्षमता प्रमाणित करून घेतली. पवईच्या आयआयटीतलं राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्र २०१० पासून सिलिकॉनच्या बाजूने या विषयात आहे, त्यामुळे टँडमकडे वळणाऱ्याला काचेबरोबर सिलिकॉनही शिकायची सोय महाराष्ट्रातच आहे.

मोठ्या काचेकडे जाताना स्पिन कोटर सोडावा लागतो, कारण त्यात बहुतेक द्रावण भिरकावून वाया जातं. ब्लेड किंवा स्लॉट-डायने (अरुंद फटीतून द्रावण सोडणारं साधन) थर ओढतात आणि क्लोरोबेंझिनऐवजी नायट्रोजनचा सपाट झोत द्रावक उडवतो. डीएमएफ त्यासाठी फार सावकाश सुकतं. म्हणून २-मेथॉक्सिइथेनॉलसारखे लवकर उडणारे द्रावक घेतात, आणि ते प्रजननाला घातक असल्याने हवा ओढणारा हूड मोठा लागतो. पाच सेकंदांच्या खिडकीऐवजी तिथे तीन गोष्टी एकत्र जुळवायच्या असतात: झोताचं काचेपासूनचं अंतर, त्याचा दाब आणि काच सरकण्याचा वेग. एका वेळी एकच बदला, बाकी दोन स्थिर ठेवा.